पाहुणेपट्टी

राज्य बॉक्सिंग मंडळाच्या साहेबांनो, त्या दुपारी तुम्ही प्रामाणिक होतात. हाच तुमच्यावरचा आरोप आहे. पंच विकले, घरच्या पोराला जिंकवलं, असले आरोप तुमच्या अंगवळणी पडलेत. भिंतीवरून पाणी ओघळावं तसे ते तुमच्यावरून ओघळून जातात. म्हणून हा नवा घ्या. त्या दुपारी तुमच्या तिन्ही पंचांनी डोळे उघडे ठेवून खरे गुण लिहिले. प्रत्येक फेरीनंतर रेफरीने त्या चिठ्ठ्या गोळा करून तुमच्या टेबलावर आणून दिल्या. तुम्ही बेरीज केलीत आणि कागद पालथा घातलात. तुमच्या टेबलापासून सीफस ग्रँडीच्या कोपऱ्यापर्यंत अंतर होतं बारा पावलं. बारा पावलांवर एका माणसाचं डोकं फुटायचं होतं आणि ते वाचवणारा आकडा तुमच्या तळहाताखाली होता. नियम आहे, म्हणाल. निकाल लागेपर्यंत गुण कोणाला सांगायचे नसतात. बरं. मग पुढचंही ऐकून घ्या.

ल्युशियस टॉलिव्हर आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. उत्तर फिलाडेल्फियात, टायरच्या दुकानाच्या वर, त्याचं बॉक्सिंगचं जिम आहे. तिथला जिना चढताना तो मध्ये दोनदा थांबतो आणि कोणी विचारलं तर सांगतो, कठड्याचे खिळे बघत होतो. आयुष्यभर त्याने पोरं घडवली, पण टीव्हीवाल्यांनी ज्याच्यासाठी शनिवारची दुपार मोकळी ठेवली असा हेवीवेट त्याच्या हाताखालून एकच निघाला. सीफस ग्रँडी. सहा फूट चार इंच उंची, आणि आवाज मात्र प्रार्थनेला बसलेल्या माणसाचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सीफस तुमच्या राज्यात वेंडल ऑगस्टीनशी बारा फेऱ्या खेळायला गेला, आणि तेही ऑगस्टीनच्याच गावात. शेवटच्या फेरीचे अकरा सेकंद उरले होते. ऑगस्टीनचा उजवा हात त्याच्या कानशिलावर बसला, गुडघे आधी गेले आणि डोकं फळ्यांवर आपटलं. एकोणीस दिवस इस्पितळ. मग तुमचं पत्र आलं की परवाना रद्द. परतीची लढत कधी झालीच नाही.

तेव्हापासून सीफस रोज जिममध्ये येतो. त्याची खुर्ची ठरलेली, ठोसे मारायच्या जड पोत्याच्या उजवीकडे. माणसं ओळखतो, आज कुठला वार ते सांगता येत नाही. सकाळी काय खाल्लं ते विचारलं तर हसतो. जीभ जड झाली आहे. त्या लढतीतलं त्याला काही आठवत नाही, एक गोष्ट सोडून. अकराव्या फेरीनंतर तो स्टुलावर बसला होता, कोच गुडघ्यावर बसून म्हणाले, "तू मागे आहेस. जाऊन त्याला पाड." आणि तो गेला.

यावरच तो जगतो. चर्चमध्ये, पोस्टमनला, पहिल्यांदाच जिना चढून आलेल्या कुठल्याही पोराला तो सांगतो, "मी मागे होतो. कोच म्हणाले जा. मी गेलो." मागे असताना गेलो, यात त्याची सगळी इभ्रत आहे. हरलो, पण पळून हरलो नाही.

तो मागे नव्हताच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिन्ही पंचांचे आकडे छापून आले तेव्हा तो बेशुद्ध होता. जिममधल्या प्रत्येकाने ते वाचले. त्याच्यासमोर कोणी काढले नाहीत. तसं कधी ठरलं नव्हतं, बैठक झाली नव्हती. घरात एखाद्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, तसं ते झालं.

आता या वर्षीची गोष्ट. मॉरिस क्विलन नावाचा एक माणूस शनिवारी सकाळी रेडिओवर कार्यक्रम करतो. जी लढत परत व्हायला हवी होती आणि झाली नाही, अशी एखादी तो उकरून काढतो, जुन्या माणसांना गाठतो आणि विचारतो, परत झाली असती तर कोण जिंकलं असतं? मग लोक फोन करतात. शेवटी क्विलन विजेता जाहीर करतो, मागे घंटा वाजते. या वेळी त्याने निवडली ग्रँडी आणि ऑगस्टीनची लढत, आणि कार्यक्रम ल्युशियसच्या जिममधूनच होणार, अशी दोन आठवडे आधीपासून हाकाटी सुरू केली.

वस्तीला चघळायला हाड मिळालं. टायरवाला म्हणाला, ऑगस्टीन, आठव्या फेरीत. त्याचा उजवा हात म्हणजे खिशात ठेवलेली वीट. न्हाव्याचं म्हणणं, वीट असेना, पण सहावीनंतर त्याचे पाय सिमेंटमध्ये रुततात, आणि ग्रँडीच्या लांब डाव्या हाताला उत्तर द्यायला पाय लागतात. बसचा ड्रायव्हर पर्सी डब्स, जो तरुणपणी याच जिममध्ये मार खाऊन शहाणा झाला, त्याने आपल्या बसमध्ये मतदान घेतलं. ऑगस्टीन सध्या जुन्या मोटारी विकतो आणि महामार्गावर त्याचा चाळीस फुटी फोटो लागलेला आहे, हे सांगून पर्सी म्हणायचा, "आज लढत लावली तर त्या फोटोशीच लावा. फोटो तरी बारा फेऱ्या उभा राहील." लोक हसायचे. ल्युशियसला विचारलं की तो म्हणायचा, बघू.

हसण्यावारी न्यायला जमलं नाही ते एकट्या सीफसला. रेडिओवर स्वतःचं नाव ऐकलं, ऑगस्टीनचं ऐकलं, "परतीची लढत" हे शब्द ऐकले, आणि त्याच्या डोक्यात तारीख ठरली. उजाडायच्या आत तो उठायला लागला. सैन्यातले जड बूट कपाटाच्या तळातून काढले, कारण हेवीवेटने बुटांत धावायचं असतं, हे त्याला ल्युशियसनेच शिकवलं होतं. गुरुवारी तो धावत निघाला आणि परत आलाच नाही. दुपारी पर्सीला तो नदीकाठच्या रस्त्यावर, घरापासून सहा मैलांवर, फुटपाथच्या कडेला बसलेला दिसला. गुडघा फुटलेला, बुटात रक्त. घर कुठल्या बाजूला ते त्याला सांगता येईना. पर्सीने अख्खी बस थांबवून त्याला आत घेतलं. उतारू कुरकुरले तेव्हा तो म्हणाला, "हा चॅम्पियन आहे. घाई असेल त्याने चालत जावं."

शुक्रवारी सीफसच्या थोरल्या बहिणीने, अर्लीनने, ल्युशियसला घरी बोलावलं. नवरा गेल्यापासून तीच भावाला सांभाळते. तिने नेहमीच्या शुक्रवारसारखी तळलेली मासळी आणि कोबी त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः उभीच राहिली. रक्ताचा बूट सिंकखाली वाळत होता. तिने सांगितलं की दाराला तिने दुसरं कुलूप लावलं तर सीफस खिडकीशी गेला. डॉक्टरांनी सांगितलंय, आता एकदा जरी डोक्यावर पडला तर संपलं. क्विलनला तिने कार्यक्रम बंद कर म्हणून फोन केला होता. तो म्हणाला, बाई, अहो हा तर त्यांच्या गौरवासाठी आहे.

"मिस्टर ल्युशियस," ती म्हणाली, "उद्या तुम्ही सांगा की ऑगस्टीन जिंकेल."

ल्युशियसने काटा खाली ठेवला. कोच आपल्या माणसाविरुद्ध कौल देत नाही. कोणी मागितला तरी नाही, माणूस शवपेटीत असला तरी नाही. हे त्याने तिला सांगितलं नाही, कारण तिला ते माहीत होतं.

"तुमच्या तोंडून ऐकलं तरच तो थांबेल. माझं ऐकत नाही, देवाचंही नाही. तुम्ही म्हणालात जा, तर हा गेला. आता म्हणा, जाऊ नको."

घरी जाताना ल्युशियस जिना नसतानाही दोनदा थांबला.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला माहीत नाही, कारण तुमच्या टेबलाच्या त्या बाजूने ती दिसत नाही. आमच्या जिममध्ये एक शब्द आहे, पाहुणेपट्टी. घर असलं की घरपट्टी, पाणी घेतलं की पाणीपट्टी, आणि दुसऱ्याच्या गावात खेळायला गेलात की पाहुणेपट्टी. ल्युशियसला हा शब्द त्याचा उस्ताद होझिया क्रंप याने दिला. होझिया म्हणायचा, परगावी स्वतःची मोजणी कर, खरी कर, आणि मग त्यातून तीन फेऱ्या काप. त्या त्यांच्या. उरेल ते तुझं. त्यात हरत असशील तर माणसाला खोटा दिलासा देऊ नको. पाड म्हणून सांग. बेशुद्ध पडलेल्या माणसाला कुठलाही पंच जिंकवू शकत नाही.

ल्युशियसने हे आंधळेपणाने मानलं नव्हतं. तरुणपणी त्याला वाटायचं म्हातारा कडवट झालाय. मग तो नेट बॅस्कम नावाचा एक पोरगा घेऊन तुमच्या राज्यात आला. त्याने समोरच्याला तीनदा लोळवलं आणि गुणांवर हरला. पुढल्या वर्षी दुसरा पोरगा आणला, तोही तसाच लुबाडला. टेबल तुमचंच होतं, मागचे कोटवाले बहुधा तेच. दुसऱ्या खेपेला ल्युशियसने टेबलाशी येऊन कागद बघायला मागितला, तर एकाने त्याला विचारलं होतं, वाचता येतं का?

म्हणून त्या दुपारी अकराव्या फेरीनंतर त्याने मोजलं. आठ आपल्या, तीन त्यांच्या. मग पट्टी कापली. पाच आपल्या, सहा त्यांच्या. पाण्याचा घोट, मानेवर बर्फ, आणि ते वाक्य.

शनिवारी जिम भरलं. क्विलनने माइक टेबलावर ठेवला, वायर चिकटपट्टीने जमिनीला लावली. सीफस आला तो अर्लीनने अंत्ययात्रांसाठी घेतलेल्या करड्या सुटात, आणि खाली बूट. पर्सीने शीळ घातली. "बघा रे, वरून बँकेचा मॅनेजर, खालून शिपाई."

सीफस हसला, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि ल्युशियससमोर दोन्ही हात धरले. "पट्ट्या बांधा, कोच."

दाराशी अर्लीन उभी होती. ल्युशियसने तिच्याकडे पाहिलं नाही. स्टूल ओढून तो बसला आणि बांधायला लागला. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मुळांवरून. क्विलनने आधी फोन घेतले. एक बाई म्हणाली ग्रँडी, कारण तो तिच्या आईच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा. एकाने म्हटलं ऑगस्टीन, चौथ्यात, आणि जिममधून त्याला शिव्या बसल्या. बहुतेकांचा कौल ग्रँडीला होता. प्रत्येक फोनला सीफसची टाच जमिनीवर ठेका धरत होती.

मग क्विलन वळला. "मिस्टर टॉलिव्हर. दोघं एकोणतीस वर्षांचे, दोघं ठणठणीत. परत लढत झाली. कोण जिंकेल?"

ल्युशियस काय बोलू शकत होता? ग्रँडी म्हणावं, तर उद्या पहाटे हा परत रस्त्यावर. ऑगस्टीन म्हणावं, तर हा थांबेल, आणि मरेपर्यंत त्याला वाटत राहील की कोचचा सुद्धा भरवसा नव्हता. तिसरं उत्तर अठ्ठावीस वर्षं त्याच्या घशात होतं, आणि ते बाहेर काढलं तर सीफसकडे जे एक उरलं होतं, ते जाणार होतं.

त्याने उजव्या हाताची पट्टी दातांनी धरून गाठ मारली. माइककडे न बघता तो म्हणाला, "पहिल्या लढतीचं आधी सांगतो. अकराव्या फेरीनंतर हा पुढे होता."

पोत्यावर धपाधप चाललेलं कोणाचं तरी थांबलं.

"कोण पुढे?" सीफसने विचारलं.

"तू. दोन पंचांकडे सात-चार. तिसऱ्याकडे आठ-तीन. नुसता पळत राहिला असतास तरी जिंकला असतास. एकदा पडून उठला असतास तरी जिंकला असतास."

"तुम्ही म्हणालात, मागे आहेस."

"म्हणालो."

पर्सी पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आला, काहीतरी विनोद करणार होता; सीफसने पट्टी बांधलेला हात वर केला आणि तो जागच्या जागी थांबला. सीफसने आपल्या मुठी वळवून पाहिल्या. विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो, जिन्यावरून ओझं वर नेणाऱ्या माणसासारखा.

"मग मला पाठवलंत का, कोच?"

"माझ्या मोजणीत तू आठ-तीनच होतास. मग मी पट्टी कापली."

पाहुणेपट्टी म्हणजे काय ते क्विलनला ठाऊक नव्हतं. तो विचारणार तेवढ्यात पर्सीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सीफसला मात्र ठाऊक होतं. वार विसरला, वर्ष विसरला, हे नाही विसरला.

"किती?"

"तीन फेऱ्या."

सगळ्यांना वाटलं आता हा उठेल, म्हाताऱ्याची मान धरेल. ल्युशियसलाही तसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. सीफसने मान डोलावली.

"तीन बरोबर आहेत," तो म्हणाला. "त्या गावात तीन कमीच. मी असतो तर चार कापल्या असत्या."

ल्युशियसचे हात मांडीवर पडले.

"नवी लढत कुठे आहे?" सीफसने क्विलनला विचारलं.

दोन आठवडे अख्खी वस्ती डाव्या हातावर, पायांवर, विटेवर भांडली होती. हे एकानेही विचारलं नव्हतं. क्विलन जरा गडबडला. "ही काल्पनिक आहे, मिस्टर ग्रँडी. कुठेही धरा."

"कुठेही कुठे नसतं. टेबल कोणाचं?"

क्विलनने कागद चाळले, जणू त्यात लिहिलेलं असेल. समजा तेच, तो म्हणाला.

"चिठ्ठ्या दाखवतात आता?"

"नाही. अजून नाही."

"मग तसंच होणार," सीफस म्हणाला. जिभेला जडपणा होता, पण शब्द सगळ्यांना कळले. "मी पुढे असेन. कोच म्हणतील मागे आहेस. मी जाईन." त्याने ल्युशियससमोर परत हात धरले. "सोडा, कोच."

ल्युशियसला गाठ सुटेना. ती दातांनी घट्ट केलेली होती. शेवटी अर्लीन पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि तिने दोन्ही हातांच्या पट्ट्या उलगडून गुंडाळ्या केल्या. क्विलनने त्या दिवशी विजेता जाहीर केला नाही. घंटा वाजली नाही. वेळ भरून काढायला त्याने एक जाहिरात दोनदा लावली.

निघताना जिन्याच्या वरच्या पायरीवर अर्लीन थांबली. ल्युशियसला वाटलं, ती म्हणेल, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं होतं.

"इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही मोजायला चुकलात," ती म्हणाली. "चुकणाऱ्याला माफ करता येतं. मी केलंही होतं. आता काय करू ते मला कळत नाही, मिस्टर ल्युशियस. तुम्ही तर बरोबर मोजलं होतंत."

सीफस रविवारी पहाटे उठला नाही. सोमवारीही नाही. अर्लीनने बूट चर्चच्या दानपेटीत टाकले, त्याने विचारलं नाही. तो जिममध्ये येतो, खुर्चीवर बसतो. नवी पोरं येतात, त्यांना तो सरकून जागा देतो. आपली गोष्ट मात्र सांगत नाही. मंगळवारी एका पोराने मुद्दाम विचारलं, "तुम्ही मागे होतात ना हो?" तो त्या पोराकडे बघत राहिला आणि मग ल्युशियसकडे, परक्या घरात दिवा कुठला लावायचा ते विचारावं तसा.

क्विलनने तुमच्या कचेरीत फोन केला होता. उत्तर आलं की जुन्या लढतींवर कचेरी बोलत नाही. जुन्यांवर बोलू नका. पुढच्या महिन्यात याच जिममधला एक पोरगा तुमच्या राज्यात, तुमच्या टेबलासमोर खेळणार आहे. कोपऱ्यात ल्युशियस टॉलिव्हर असणार, दुसरं कोणी नाही. कागद तुम्ही परत पालथा घालणार. नेट बॅस्कमच्या वेळी तुम्ही लुटलंत, सीफसच्या वेळी नाही, आणि दोन्ही वेळा कागद पाठीमागून सारखाच दिसत होता. त्या म्हाताऱ्याने तुमच्यावर कुठल्या दिवशी विश्वास ठेवायचा आणि कुठल्या दिवशी नाही?

अकराव्या फेरीनंतर त्याच्याकडे एक मिनिट असेल. किती कापायच्या? आकडा सांगा.